फायबर गेलं तरी लॅपटॉप केबल सोडत नाही: पीक विम्याच्या हंगामातल्या नोंदी

८ जुलै २०२५, मंगळवार, औसा

आजपासून लिहून ठेवते. गर्दीत काय झालं आणि कशानंतर झालं, हे संध्याकाळपर्यंत डोक्यात राहत नाही.

काउंटरवरचा लॅपटॉप विंडोज ११ चा आहे. आमच्या केंद्रात शेतकऱ्यांचे पीक विम्याचे फॉर्म ऑनलाइन भरून देतो. इथे नेट दोन प्रकारचं. एक फायबर, त्याच्या राउटरमधून केबल थेट लॅपटॉपला. दुसरं फोनचं हॉटस्पॉट, फायबर गेलं तर आधाराला. दुखणं असं की फायबर गेल्यावर लॅपटॉप हॉटस्पॉटवर येतच नाही. केबल उपसली तर कधी लगेच चालतं, कधी पान गोल फिरत राहतं. फायबर आलं म्हणून केबल परत लावावी तर पोर्टल लॉगआउट करतं आणि भरत आणलेला फॉर्म जातो. कधी कधी तर कुणी कशाला हात न लावताच लॉगआउट होतं.

दुरुस्तीवाल्याचा सल्ला, फॉरमॅट मारा. ते आत्ता नको. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर, स्कॅनर हे सगळं पुन्हा बसवायचं म्हणजे एक दिवस गेला, आणि खरिपाच्या विम्याची मुदत ३१ जुलै. शिवाय फॉरमॅटने काय सुधारेल हे त्यालाही सांगता आलं नाही.

एक रुपयात विमा यंदा बंद झाला. खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के हप्ता शेतकऱ्याने स्वतः भरायचा. म्हणजे मधेच नेट तुटलं तर आता माणसाचे खरे पैसे अडकतात. म्हणून हे मनावर घेतलंय.

१० जुलै, गुरुवार

दरवेळी नेट गेलं की चार गोष्टी लिहायच्या ठरवल्या: वेळ, फायबरच्या डब्यावरचे (म्हणजे राउटरवरचे) दिवे, लॅपटॉपचा आयपी पत्ता (राउटर त्याला देतो तो नेटवर्कवरचा क्रमांक) आणि स्क्रीनवर आलेला मजकूर. पत्ता आयपीकॉन्फिग कमांडने लगेच दिसतो.

डबा कपाटामागे होता, दिवे बघायला वाकावं लागायचं. काढून समोरच्या भिंतीवर लावला, खुर्चीतून मान वर केली की दिसतो. त्यावर एलओएस नावाचा दिवा आहे. बाहेरून प्रकाशाचा सिग्नल येत असेल तोवर तो विझलेला असतो, सिग्नल तुटला की लाल लुकलुकतो. लॅनचा हिरवा दिवा वेगळा, तो फक्त डबा आणि लॅपटॉप यांच्यातली केबल जिवंत आहे एवढंच सांगतो.

दोनच दिवसांच्या नोंदींवरून दिसतंय की 'नेट गेलं' हे एक दुखणं नाही. कधी एलओएस लाल, कधी सगळेच दिवे एकदम जाऊन परत येतात, आणि कधी एकही दिवा हललेला दिसत नाही तरी लॅपटॉप क्षणभर केबल तुटल्याचं दाखवतो. तिन्हींत काउंटरपुढच्या माणसाला दिसतं ते एकच, गोल फिरणारं पान. एकेक सोडवायचं.

१३ जुलै, रविवार

आधी तिसरं घेतलं, दिवे हललेले न दिसता तुटणारं.

विंडोज स्वतःच्या घडामोडींची नोंद ठेवतं, ती इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसते. त्यात नेटवर्क प्रोफाइलचा लॉग असतो. नेटवर्क जोडलं की १०००० क्रमांकाची नोंद, तुटलं की १०००१. गेल्या आठवड्यातल्या या नोंदी उघडल्या तर जोड्याच जोड्या, तुटलं आणि काही सेकंदांत जोडलं. दुपारी जास्त, रात्री एकही नाही. रात्री काउंटरवर कुणी नसतं, लॅपटॉप कुणी सरकवत नाही.

केबलचं टोक हातात घेऊन बघितलं. प्लगची प्लास्टिकची जीभ मोडलेली, त्यामुळे तो खाचेत अडकत नाही, नुसता टेकलेला. सातबारा बघायला म्हणून स्क्रीन शेतकऱ्याकडे वळवली की प्लग तसूभर बाहेर येतो. आणि तेवढ्यात फोनचं हॉटस्पॉट जोडलेलं असेल तर लॅपटॉप पळून तिकडे जातो, दोन सेकंदांत केबलवर परत. एका फॉर्मच्या मधे दोनदा रस्ता बदलला तर पोर्टल लॉगआउट करणारच.

अजून एक दिसलं. जोडणीचा वेग १०० एमबीपीएस दाखवत होता, पोर्ट मात्र दोन्हीकडचे १ जीबीपीएसचे. १०० ला आठांपैकी चारच तारा लागतात, १ जीबीपीएसला आठही. म्हणजे एखादी तार आत तुटलेली. टेबलाखाली केबलवर उंदराचे दात दिसले. तेवढा तुकडा कापून टाकला आणि नवीन प्लग क्रिम्प केला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाचा क्रमही हाच आहे, बघून घेतला. वेग १ जीबीपीएस आला. केबल टेबलाच्या पायाला क्लिपने बांधली, आता लॅपटॉप कितीही वळवा, ताण प्लगवर येत नाही.

१४ जुलै, सोमवार

लाईट गेली, इन्व्हर्टर लागला, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पत्ता बघितला तर १६९.२५४ ने सुरू होणारा. राउटरने पत्ता दिला नाही म्हणून लॅपटॉपने स्वतःच घेतलेला हा पत्ता, त्यावर बाहेर जाता येत नाही. राउटर उठताना लॅन पोर्टचा दिवा आधी लागतो आणि पत्ते वाटणारी सेवा नंतर जागी होते. त्या मधल्या वेळात लॅपटॉप विचारतो, उत्तर मिळत नाही, आणि तो असा पत्ता घेऊन बसतो. पुढे आपोआप सुधारतं, पण गर्दीत तेवढा धीर कुणाला.

इन्व्हर्टरच्या मागे एक बटण आहे, ते यूपीएसवर केलं. त्यात लाईट जाताना वीज तुटण्याचा वेळ कमी होतो. तरी राउटर दचकतोच. त्याला १२ व्होल्टचा अॅडॉप्टर आहे, तर मधे छोटा डीसी यूपीएस, म्हणजे राउटरपुरती बॅटरी, बसवायचा. लातूरहून मागवला.

१७ जुलै, गुरुवार

आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

लामजन्याकडचे एक आजोबा. सोयाबीन आणि तूर. सातबारा, आठ अ, आधार, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, शेतकरी ओळख क्रमांक, सगळं पिशवीत नीट लावून आणलेलं. माणूस सकाळपासून बसलेला. फॉर्म भरून झाला, हप्त्याचा व्यवहार दाबला आणि समोर एलओएस लाल. पान अडकलं.

वॉलेटमधून रक्कम कापली गेल्याचा मेसेज आला. पावती नाही.

आजोबा उठून टेबलाशी आले. "होऊलालंय का नाई वो ताई?" मी सांगितलं, बाहेरची लाईन तुटलीय, पैसे कुठं जात नाहीत, पण पावती आल्याशिवाय तुम्हाला घरी जा म्हणणार नाही. त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं, "दिवा तर हिरवा हाय की." मी म्हटलं, हिरवा दिवा या डब्यापासून लॅपटॉपपर्यंतचा. डब्याच्या पलीकडे काही येत नाही. त्यावर म्हणाले, "म्हंजी मोटर चालू हाय, पर बोअरला पाणी नाई."

इतकं नेमकं या दुखण्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. लॅपटॉपलाही मोटरचाच आवाज ऐकू येतो. केबल जिवंत, राउटर जिवंत, पत्ता मिळालेला, मग तो केबल का सोडेल?

केबल उपसली, हॉटस्पॉट नव्याने जोडलं, लॉगिन केलं. पुन्हा फॉर्म भरायचा नाही, आधी व्यवहारांची यादी बघायची. तिथे रक्कम प्रलंबित होती. थोड्या वेळाने यशस्वी झाली आणि पावती निघाली. पुन्हा भरला असता तर दोनदा रक्कम गेली असती. आजोबांनी पावती घडी घालून पासबुकात ठेवली आणि शेवटच्या गाडीने गेले.

२० जुलै, रविवार

केंद्र बंद ठेवून चाचणी. आजोबांसमोर झालं तेच मुद्दाम करून बघायचं.

डब्याचा हिरव्या टोकाचा फायबर कनेक्टर हलकेच काढला, टोकावर टोपी घातली म्हणजे धूळ बसणार नाही. फायबरच्या तोंडात डोळा घालून कधीही बघू नये, प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा होऊ शकते. डबा चालू, केबल लावलेली, हॉटस्पॉट जोडलेलं. तीन खिडक्या उघडून पिंग लावला, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघत राहायचं: एकात राउटर १९२.१६८.१.१, दुसऱ्यात फोन, तिसऱ्यात बाहेरचा ८.८.८.८.

राउटर उत्तर देतो. फोनही देतो. बाहेरचा मात्र गप्प, आणि तो गप्पच राहिला. खाली कोपऱ्यात इंटरनेट नसल्याचं चिन्हही आलं, म्हणजे विंडोजला कळलेलं आहे. ते मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटीशी मजकुराची फाइल मागून बघतं आणि नाही मिळाली की चिन्ह बदलतं. पण चिन्ह बदलणं वेगळं आणि रस्ता बदलणं वेगळं.

राउट प्रिंट कमांड दिली. बाहेर जायचे दोन रस्ते, प्रत्येकापुढे मेट्रिक नावाचा आकडा. लहान आकडा असेल तो रस्ता आधी. हा आकडा विंडोज जोडणीच्या वेगावरून स्वतः ठरवतं: १ जीबीपीएसच्या केबलला इंटरफेसचा आकडा २५, १०० एमबीपीएसला ३५, आणि आमच्या हॉटस्पॉटच्या वायफायला याहून मोठा. पुढे नेट आहे की नाही हे त्या हिशोबात कुठंच नाही. केबल दुरुस्त करून वेग वाढवला तशी केबलची पकड अजून घट्टच झाली.

पॉवरशेलमधून (विंडोजची कमांड देण्याची खिडकी) केबलचा मेट्रिक हाताने ५०० केला. पुढच्याच पिंगला ८.८.८.८ ने उत्तर दिलं. केबल तशीच लावलेली, काही उपसलं नाही, काही रिस्टार्ट केलं नाही. सगळ्या भानगडीचं मूळ हेच.

२२ जुलै, मंगळवार

आकडा बदलून उपयोग तेव्हाच, जेव्हा वायफाय आधीपासून जोडलेलं असेल. बऱ्याचदा ते नसतंच. दोन कारणं सापडली.

फोन: हॉटस्पॉटला कुणी जोडलेलं नसेल तर अँड्रॉइड थोड्या वेळाने ते आपणहून बंद करतो. सेटिंगमध्ये ते काढता येतं, काढलं. घरातला जुना फोन वेगळं सिम टाकून केंद्रातच चार्जरला ठेवला. माझा फोन हातात राहिला, आणि दिवसभर येणारे ओटीपीचे मेसेज हॉटस्पॉटवाल्या फोनमध्ये अडकत नाहीत.

लॅपटॉप: केबलवर नेट मिळत असेल तर विंडोज वायफाय आपणहून जोडत नाही, एकाच वेळी कमीत कमी जोडण्या ठेवायच्या असं त्याचं धोरण आहे. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचं पान नसतं, म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग जिथे साठवलेल्या असतात तिथे, एफमिनिमाइझकनेक्शन्स हे मूल्य ० केलं. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. आता केबल आणि वायफाय दोन्ही सोबत जोडलेले राहतात.

आतल्या टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपवर एवढं करूनही केबल घातली की वायफाय विझायचं. तिथे बायोसमध्येच, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, केबल आली की वायफाय बंद करणारी सोय चालू होती. एफ१० दाबून आत जाऊन बंद केली. हे विंडोजमधून कितीही शोधलं तरी दिसत नाही, त्यामुळे दुसऱ्या केंद्रवाल्यांनी इथून सुरुवात केलेली बरी.

हॉटस्पॉटचं नेटवर्क मीटर्ड, म्हणजे मोजून मिळणाऱ्या डेटाचं, म्हणून खूण केलं. नाहीतर विंडोजचे अपडेट फोनचा डेटा पिऊन टाकतील.

२४ जुलै, गुरुवार

रात्री स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडांची छोटी फाइल. काम एकच: केबलच्या पलीकडे पाणी आहे का ते बघत राहायचं.

खरी अडचण अशी की बाहेर पिंग करून बघायचं तर तो पिंग ज्या रस्त्याने जाईल त्याचीच तब्येत कळते. हॉटस्पॉटवर गेल्यावर केबल सुधारली का हे कसं कळणार? त्यावर उपाय: ८.८.४.४ या एका पत्त्यासाठी कायमचा रस्ता राउटरमधूनच बांधून टाकला, राउट अॅड कमांडला पी जोडून, म्हणजे रिस्टार्टनंतरही राहतो. बाकी सगळं नेट कुठूनही जावो, ८.८.४.४ चा पिंग केबलमधूनच जाणार. तो कामाला इतर कुणी वापरत नाही, निव्वळ तपासनीस.

स्क्रिप्ट दर ५ सेकंदांनी त्याला पिंग करते. लागोपाठ ३ चुकले की केबलचा मेट्रिक ५०० आणि एक आवाज वाजतो. टास्क शेड्यूलरमध्ये लॉगिनबरोबर सुरू होते, प्रशासकाच्या अधिकारांनी, कारण मेट्रिक बदलायला ते लागतात.

परत केबलवर येणं मात्र आपोआप ठेवलं नाही, आणि हे विचार करून ठरवलं. जाताना आपण अडकलेलोच असतो, तेव्हा लगेच गेलं पाहिजे. येताना घाई नसते. हॉटस्पॉटवर एखाद्याचा हप्ता भरणं चालू असताना फायबर आलं म्हणून स्क्रिप्टने रस्ता बदलला तर पुन्हा १७ तारखेचंच घडेल. म्हणून फायबर सुधारल्यावर स्क्रिप्ट फक्त वेगळा आवाज करते. डेस्कटॉपवर 'परत केबल' नावाचं बटण ठेवलं, ते दोन माणसांच्या मधल्या वेळात मी दाबायचं.

२७ जुलै, रविवार

एक गोष्ट उरली होती. लाईन तुटलेली नाही, प्लग पक्का, तरी मधेच लॉगआउट. आणि दोन्ही जोडण्या सोबत ठेवल्यापासून जुन्या फोनचा डेटा दुपारपर्यंत संपतोय, केबल ठणठणीत असताना. हा डेटा जातो कुठं?

पुन्हा राउट प्रिंट, या वेळी खालचा आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा, तक्ता नीट वाचला. आमच्या फायबरवर आयपीव्ही६ नाही, फक्त जुना आयपीव्ही४. मोबाईलच्या नेटवर्कवर दोन्ही, आणि फोन ते हॉटस्पॉटवर पुढे देतो. म्हणजे आयपीव्ही६ ला बाहेर जायचा एकच रस्ता, फोनचा. ज्या साइटला आयपीव्ही६ पत्ता आहे तिकडे ब्राउझर फोनमधून जातो, ज्याला नाही तिकडे केबलमधून. तिथे केबलच्या मेट्रिकचा काही संबंधच नाही, कारण त्या तक्त्यात केबलचा रस्ताच नाही. एकाच कामाच्या काही विनंत्या एका पत्त्यावरून आणि काही दुसऱ्यावरून गेल्या तर सुरक्षेसाठी पत्ता ताडून बघणारं पोर्टल माणूस बदलला असं समजतं.

वायफायच्या गुणधर्मांत आयपीव्ही६ ची खूण काढली. फक्त वायफायची, आणि फक्त या दोन लॅपटॉपांवर. हॉटस्पॉटवर आयपीव्ही४ चालतंच, त्यामुळे काही अडलं नाही. संध्याकाळपर्यंत घरच्या लोकांचे फॉर्म भरून बघितले, विनाकारण लॉगआउट नाही, फोनचा डेटा जागेवर.

जे कुठल्याच सेटिंगने सुटत नाही तेही लिहून ठेवते. चालू असलेली जोडणी तिच्या मूळ पत्त्याला बांधलेली असते. केबलवर सुरू झालेला व्यवहार हॉटस्पॉटवर उचलून ठेवता येत नाही, तो तुटतोच, नवीन जोडणी नव्या रस्त्याने होते. स्क्रिप्टमुळे पुढचं पान पंधरा-वीस सेकंदांत उघडतं, पण अर्धवट फॉर्म वाचत नाही. म्हणून काउंटरची शिस्त बदलली: कागद आधी स्कॅन करून लॅपटॉपमध्येच फोल्डरला ठेवायचे, गट क्रमांक आणि क्षेत्र आधी कागदावर काढून घ्यायचं, आणि हप्त्याचं बटण दाबण्याआधी मान वर करून एलओएस बघायचा.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. बायका माणसं कमी, दुपारी जरा उसंत. छोटा यूपीएस आला होता तो राउटरला लावला. मेन स्विच पाडून बघितलं, डब्याचा एकही दिवा हलला नाही.

३० जुलै, बुधवार

मुदतीच्या आदला दिवस, रांग दारापर्यंत. दुपारी रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने कुठंतरी फायबर तोडलं. एलओएस लाल, स्क्रिप्टचा आवाज, केबलचा मेट्रिक ५००. समोरच्या बाईंचा फॉर्म अर्ध्यावर होता, तो गेला, पण पुन्हा लॉगिन करून फोल्डरमधून कागद जोडले आणि थोड्याच वेळात त्यांच्या हातात पावती. नंतरची रांग हॉटस्पॉटवरच चालली. कागद चढायला वेळ लागत होता, टॉवरवर सगळ्या गावाचा भार आलेला, पण कुणाचा हप्ता अडकला नाही.

लाईनवाला मुलगा अंधार पडल्यावर आला, जोड मारून गेला. स्क्रिप्टने दुसरा आवाज दिला तेव्हा हातात एकांचा हप्ता होता. तो पूर्ण केला, पावती दिली, मग 'परत केबल' दाबलं.

राहिलेलं काम: स्क्रिप्ट आतल्या लॅपटॉपवर चढवायची. किल्लारीच्या केंद्रावरल्या ताईंना बायोसचं फोनवर सांगितलंय, त्यांच्याकडे फायबरचा डबा अजून कपाटातच आहे, तो आधी बाहेर काढा म्हटलंय. स्क्रिप्ट त्यांना उद्या मुदत संपल्यावर पाठवते, आज रात्री त्यांनी नवीन काही बसवू नये.